छातीत दुखतंय? कारणं काय असू शकतात आणि डॉक्टर ती कशी शोधून काढतात

छातीत दुखायला लागलं की माणूस एकतर खूप घाबरतो, नाहीतर "गॅस असेल, जाईल थोड्या वेळात" म्हणून अंगावर काढतो. कारणं भरपूर आहेत आणि त्यातली बरीचशी जिवावरची नाहीत. फॅमिली डॉक्टरकडे येणाऱ्या छातीदुखीत तर सगळ्यात जास्त प्रमाण स्नायू आणि बरगड्यांच्या दुखण्याचं असतं. पण थोडी कारणं अशी आहेत की त्यात एक-दोन तास वाया गेले तरी माणूस हातचा जातो, आणि घरी बसून ही दोन टोकं खात्रीने वेगळी करता येत नाहीत, डॉक्टरलासुद्धा नुसतं बघून येत नाहीत. किती जोरात दुखतंय यावरून तर काहीच ठरत नाही हे आधी डोक्यात पक्कं करा. बरगडीजवळचा स्नायू आखडला की माणूस ओरडतो, आणि मोठा ॲटॅक आलेला माणूस कधीकधी "जरा जड वाटतंय" एवढंच बोलतो.

आधी तातडीचं, बाकीचं नंतर वाचा

छातीच्या मधोमध दाब, आवळल्यासारखं किंवा ओझं ठेवल्यासारखं वाटतंय आणि ते काही मिनिटं झाली तरी जात नाहीये, किंवा जाऊन परत येतंय. दुखणं हातात, खांद्यात, जबड्यात, मानेत, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात जातंय. सोबत दरदरून गार घाम, मळमळ, उलटी, दम लागणं, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी. किंवा अचानक, एका क्षणात सुरू झालेली भयंकर कळ. किंवा अचानक श्वास घेता न येणं. यातलं काहीही असेल तर लेख बाजूला ठेवा आणि तुमच्या भागातल्या इमर्जन्सी नंबरला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवा.

स्वतः गाडी चालवत जाऊ नका. ॲटॅकमध्ये हृदयाचे ठोके अचानक बिघडू शकतात आणि शुद्ध जाते, ते स्टिअरिंगवर झालं तर तुमच्यासोबत रस्त्यावरचे लोकही जातील. ॲम्ब्युलन्सचा दुसरा फायदा असा की बऱ्याच ठिकाणी ईसीजी वाटेतच निघतो आणि शॉक द्यायचं मशीनही सोबत असतं. ॲम्ब्युलन्स मिळतच नसेल तर दुसऱ्या कुणाला तरी गाडी चालवायला लावा, आणि शक्यतो थेट अशा हॉस्पिटलला जा जिथे हृदयाची तातडीची अँजिओप्लास्टी होते.

ॲस्पिरिनचं बऱ्याच जणांना माहीत असतं पण अर्धवट. हार्ट ॲटॅकचा संशय असेल तर साधारण ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला सांगतात, नुसतं गिळायचं नाही कारण चावल्याने ते लवकर रक्तात उतरतं. पण ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल, अंगातून कुठे रक्तस्राव होत असेल, नुकताच अल्सर फुटला असेल किंवा दुखणं पाठीत फाटल्यासारखं असेल तर घेऊ नका. आणि शक्यतो फोनवरच्या इमर्जन्सी माणसाला किंवा डॉक्टरला विचारूनच घ्या, फोन तर तुम्ही तसाही लावलेलाच असणार आहे.

जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी, म्हणजे सॉर्बिट्रेट वगैरे, ती ज्याला डॉक्टरने लिहून दिलीये त्यानेच घ्यायची. शेजाऱ्याच्या डब्यातली नाही. बीपी एकदम खाली जाऊ शकतं, आणि लैंगिक ताठरतेसाठीचं औषध, म्हणजे सिल्डेनाफिल गेल्या २४ तासांत किंवा टॅडालाफिल गेल्या ४८ तासांत घेतलं असेल तर नायट्रेट जीवघेणं ठरू शकतं. लाजेपोटी हे लपवलं जातं, प्लीज लपवू नका, डॉक्टरला ते फक्त औषध निवडण्यासाठी हवं असतं. नशेचा काही पदार्थ घेतला असेल तर तेही सांगा, कोकेन किंवा ॲम्फेटामिनसारख्या गोष्टींनी हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि मग नेहमीची काही औषधं टाळावी लागतात.

"जोरजोरात खोकत राहा, ॲटॅक थांबेल" हा मेसेज अजून फिरतो. थांबत नाही, उलट फोन करायला उशीर होतो. माणूस बेशुद्ध पडला आणि नीट श्वास घेत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबत राहायचं, मदत येईपर्यंत. बरगडी मोडेल म्हणून थांबू नका.

दुखण्याची जागा इतकी फसवी का असते

हे एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. छातीचं कातडं, स्नायू, बरगड्या आणि फुफ्फुसावरचं बाहेरचं आवरण यांच्या नसा मेंदूला नेमका पत्ता सांगतात. म्हणून तिथलं दुखणं टोचल्यासारखं असतं आणि माणूस एका बोटाने "इथे" असं दाखवू शकतो. हृदय, अन्ननलिका, महाधमनी या आतल्या अवयवांच्या नसा मात्र मणक्यातल्या साधारण त्याच त्या पातळ्यांवर जाऊन मिळतात, आणि हात, मान यांच्या नसाही जवळपास तिथेच येतात. मेंदूला कळतं की या भागातून काहीतरी बिघाडाची खबर आली, नेमकी कुठून ते कळत नाही. त्यामुळे हृदयाचं दुखणं जबड्यात वाटतं, अन्ननलिकेचं दुखणं हुबेहूब हृदयासारखं वाटतं, आणि हृदयाच्या खालच्या बाजूचा ॲटॅक पोट बिघडल्यासारखा वाटतो.

हृदयाचं दुखणं दाखवताना माणूस बऱ्याचदा बोट न लावता अख्खा तळहात किंवा मूठ छातीवर ठेवतो. याला सॅम्युएल लीव्हाइन या डॉक्टरच्या नावावरून लीव्हाइन साइन म्हणतात. पक्का पुरावा नाही हां, पण बघणाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

पायरी १: हकीकत

तुम्हाला वाटेल मशीन आणि रक्ततपासणी हे खरं काम, आणि आधीचे प्रश्न म्हणजे टाइमपास. उलट आहे. कुठली टेस्ट करायची आणि तिच्या रिझल्टवर किती विश्वास ठेवायचा हे हकीकतीवरून ठरतं, म्हणून हॉस्पिटलला जाताना वाटेतच या गोष्टी मनात जुळवून ठेवा किंवा सोबतच्या माणसाला फोनमध्ये टाइप करून ठेवायला सांगा.

नेमकं किती वाजता सुरू झालं, ही वेळ सगळ्यात महत्त्वाची, पुढे ट्रोपोनिनच्या मुद्द्यात कळेल का ते. सुरू झालं तेव्हा काय करत होता: जिना चढत होता, बसला होता, झोपेतून जाग आली, जेवण झालं होतं, उलटी झाली होती, काही जड उचललं होतं? एकदम सुरू झालं की हळूहळू वाढलं? एका जागी आहे की कुठे पसरतंय? दीर्घ श्वास घेतल्यावर, खोकल्यावर, हात हलवल्यावर, दाबल्यावर, आडवं पडल्यावर वाढतं का? थांबलं की कमी होतं का, पुढे वाकून बसलं की बरं वाटतं का? आधी असं कधी झालंय का आणि गेल्या काही दिवसांत चालण्याची ताकद कमी झालीये का? हा शेवटचा प्रश्न लोक उडवून लावतात, पण "आधी दोन जिने चढायचो, गेल्या आठवड्यापासून एकातच छाती भरून येते" हे वाक्य डॉक्टरसाठी सोन्यासारखं आहे.

यातून डॉक्टर काय काढतात? दुखणं दोन्ही हातांत किंवा उजव्या हातात जातंय, श्रमाने येतंय, सोबत घाम आणि उलटी आहे, यातल्या प्रत्येक गोष्टीने हृदयाची शक्यता वाढते. हो, उजवा हातसुद्धा, डाव्या हातात नाही म्हणजे हृदय नाही हा गैरसमज काढून टाका. याउलट टोचल्यासारखं, श्वासाबरोबर वाढणारं, कूस बदलल्यावर बदलणारं, दाबल्यावर तंतोतंत तसंच उठणारं दुखणं असेल तर शक्यता कमी होते. कमी होते, शून्य होत नाही.

श्रमाने येणारं आणि थांबल्यावर काही मिनिटांत जाणारं, दरवेळी साधारण तेवढ्याच श्रमाला येणारं, त्याला स्टेबल अँजायना म्हणतात. म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी अरुंद आहे आणि जास्त काम पडलं की रक्त पुरत नाही. तेच दुखणं नवीन सुरू झालं असेल, कमी श्रमात यायला लागलं असेल किंवा बसल्या जागी येत असेल तर ते अनस्टेबल, आणि त्यात ॲटॅकचा धोका जवळ आलेला असतो. अशा वेळी पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट घेऊन चालत नाही, त्याच दिवशी इमर्जन्सीला जायचं.

बायकांबद्दल वेगळं लिहायलाच हवं. बायकांनाही ॲटॅकमध्ये छातीत दुखणं हेच सगळ्यात कॉमन लक्षण आहे, पण सोबत दम, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणं, विचित्र थकवा हे जास्त वेळा असतं आणि मग ते सगळं ॲसिडिटी किंवा टेन्शनच्या खात्यात टाकलं जातं. घरचेही टाकतात आणि कधीकधी डॉक्टरही टाकतात. तरुण बाईला, विशेषतः बाळंतपणाच्या आगेमागे, रक्तवाहिनीचा आतला थर आपोआप सुटून ॲटॅक येऊ शकतो, त्यात कोलेस्टेरॉलचा काही संबंध नसतो. डायबिटीस असलेल्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना तर दुखणं जाणवतच नाही असंही होतं, नुसता दम, घाम किंवा एकदम गळून जाणं. अमेरिकेतल्या हृदयरोगाच्या मोठ्या संघटनांनी २०२१ च्या छातीदुखीच्या गाइडलाइनमध्ये "अटिपिकल" (म्हणजे नेहमीसारखं नसलेलं) हा शब्दच वापरू नका असं सांगितलं, कारण तो शब्द लागला की लोक निर्धास्त होतात. त्याऐवजी हृदयाचं, कदाचित हृदयाचं, हृदयाचं नसलेलं असं म्हणा असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते अगदी पटतं.

पायरी २: पहिली दहा मिनिटं

इमर्जन्सीत पोचल्यापासून १० मिनिटांत ईसीजी निघून डॉक्टरने तो बघितलेला असावा असं स्टँडर्ड आहे. केस पेपर, रजिस्ट्रेशन यात अडकवून ठेवत असतील तर काउंटरवर स्पष्ट आवाजात "छातीत दुखतंय" एवढं सांगा. त्याच वेळी नाडी, श्वास, ताप, ऑक्सिजन आणि बीपी बघतात, शक्यतो दोन्ही हातांचं बीपी, त्याचं कारण पुढे येतंय. ऑक्सिजन पातळी चांगली असेल तर मास्क लावत नाहीत, पातळी ९० टक्क्यांच्या खाली असेल तर लावतात, त्यामुळे मास्क लावला नाही म्हणजे दुर्लक्ष केलं असं नाही.

ईसीजीमध्ये हृदयातली विजेची हालचाल दिसते. एसटी नावाचा भाग ठरावीक लीड्समध्ये (वेगवेगळ्या बाजूंनी घेतलेल्या रेघांमध्ये) वर उचलला गेला असेल तर बहुतेक वेळा मोठी रक्तवाहिनी पूर्ण बंद झालेली असते, आणि तिथे रक्ताच्या रिपोर्टची वाट बघत बसत नाहीत. अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या हॉस्पिटलमध्ये पहिल्या वैद्यकीय संपर्कापासून ९० मिनिटांच्या आत वाहिनी उघडायचं टार्गेट असतं, दुसरीकडे हलवावं लागणार असेल तर १२० मिनिटं, आणि तेही जमणार नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात, ते पहिल्या १२ तासांत आणि जितकं लवकर तितकं चांगलं.

आता सगळ्यात मोठी चूक जी लोक करतात. ईसीजी नॉर्मल आला की "काही नाही, चला घरी". ईसीजी म्हणजे त्या काही सेकंदांचा फोटो. गुठळी सुटते, परत बसते, काही भाग, विशेषतः हृदयाची मागची बाजू, नेहमीच्या १२ लीड्समध्ये नीट दिसतच नाही, तिथे पाठीवर लीड्स लावून बघावं लागतं. म्हणून दुखणं चालू असेल तर पहिल्या तासात दर १५ ते ३० मिनिटांनी ईसीजी परत काढतात. तुमचा जुना ईसीजी असेल तर त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा, जुना-नवा शेजारी ठेवून बघता आला की डॉक्टरचं अर्धं काम होतं.

पायरी ३: ट्रोपोनिन आणि वाट बघणं

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रोटीन, स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरतं. पण लगेच नाही. जुन्या टेस्टमध्ये ते दिसायला ३ ते ६ तास लागायचे, आताच्या हाय-सेन्सिटिव्हिटी टेस्टमध्ये १ ते ३ तासांत दिसायला लागतं. म्हणजे तुम्ही दुखायला लागल्यावर अर्ध्या तासात पोचलात आणि पहिलं ट्रोपोनिन नॉर्मल आलं तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून सुरू झाल्याची वेळ विचारतात आणि म्हणूनच १, २ किंवा ३ तासांनी परत रक्त घेतात, कुठली टेस्ट आहे त्यावर ते अंतर ठरतं. दोन आकड्यांमधला फरक बघायचा असतो. वर जातोय किंवा खाली येतोय म्हणजे आत्ता काहीतरी घडतंय, आणि थोडा वाढलेला पण तसाच स्थिर आकडा किडनीच्या जुन्या आजारातही असतो. फुफ्फुसातली गुठळी, हृदयाच्या स्नायूची सूज, मोठं इन्फेक्शन यातही ट्रोपोनिन वाढतं, त्यामुळे "ट्रोपोनिन पॉझिटिव्ह म्हणजे ब्लॉकेज" हेही खरं नाही.

हे दोन-तीन तास पेशंटला आणि नातेवाइकांना फार जड जातात, दुखणं थांबलेलं असतं, बेडवर नुसतं पडून राहायचं असतं, आणि मग सही करून घरी जायची घाई होते. नका जाऊ. दुसरं ट्रोपोनिन होईपर्यंत थांबणं हा या सगळ्यातला सगळ्यात स्वस्तात जीव वाचवणारा भाग आहे.

बऱ्याच ठिकाणी या टप्प्यावर हार्ट स्कोअर काढतात. हकीकत, ईसीजी, वय, रिस्क फॅक्टर आणि ट्रोपोनिन, प्रत्येकाला ० ते २, एकूण १०. स्कोअर ० ते ३ म्हणजे कमी धोका, बहुतेकांना फॉलोअपवर घरी सोडता येतं. ४ ते ६ म्हणजे आणखी तपासण्या. ७ किंवा जास्त म्हणजे ॲडमिट आणि लवकर अँजिओग्राफीचा, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत डाय सोडून फोटो काढण्याचा विचार. तुमचा स्कोअर किती आला हे डॉक्टरला बिनधास्त विचारा.

पायरी ४: ॲटॅक नसेल तर दुसरं काही जीवघेणं तर नाही ना

डॉक्टर आधी "काय आहे" याच्या मागे लागत नाहीत, जे सुटलं तर माणूस जाईल ते आधी काढून टाकतात.

महाधमनीचा आतला थर फाटणं, ज्याला एऑर्टिक डिसेक्शन म्हणतात, हे त्यातलं सगळ्यात फसवं. दुखणं पहिल्या क्षणालाच सगळ्यात जास्त असतं, फाटल्यासारखं किंवा चिरल्यासारखं, बऱ्याचदा दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये, आणि पुढे सरकत जाऊ शकतं. बीपी वर्षानुवर्षं वाढलेलं असणारे लोक, आणि मारफान सिंड्रोमसारखे संयोजी ऊतीचे आनुवंशिक आजार असलेले उंच सडपातळ तरुण यांच्यात धोका जास्त. दोन हातांच्या वरच्या बीपीत २० पेक्षा जास्त फरक, एका हाताची नाडी मंद, एक्स-रेमध्ये छातीचा मधला भाग रुंद, यावरून संशय येतो आणि सीटी अँजिओग्राफीत पक्कं होतं. याला ॲटॅक समजून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं तर अनर्थ होतो, म्हणून अचानक आणि पाठीत हे दोन शब्द डॉक्टरसमोर नक्की उच्चारा.

फुफ्फुसात गुठळी, म्हणजे पल्मनरी एम्बोलिझम. बहुतेक वेळा पायाच्या खोल शिरेतली गुठळी सुटून फुफ्फुसात अडकते. अचानक दम, श्वासाबरोबर टोचणं, नाडी जलद, कधी थुंकीतून रक्त, एक पाय सुजलेला आणि दुखरा. नुकतंच ऑपरेशन, प्लास्टर, बरेच दिवस बेडवर पडून, लांबचा प्रवास, कॅन्सर, गरोदरपण, बाळंतपण, गर्भनिरोधक गोळ्या, यातलं काही असेल तर विचारायची वाट न बघता स्वतःहून सांगा. डॉक्टर वेल्स स्कोअर नावाचा हिशोब करतात. शक्यता कमी असेल तर डी-डायमर ही रक्ततपासणी, ती निगेटिव्ह आली की गुठळी जवळपास बाद. पण पॉझिटिव्ह आली म्हणजे गुठळी आहेच असं नाही, वय, गरोदरपण, इन्फेक्शन, ऑपरेशन कशानेही ती वाढते. शक्यता जास्त असेल तर डी-डायमर करत न बसता सरळ फुफ्फुसांच्या वाहिन्यांची सीटी करतात.

फुफ्फुस फुटून बाहेर हवा साठणं, न्यूमोथोरॅक्स: एका बाजूला अचानक टोचणं आणि दम, बऱ्याचदा उंच, बारीक, तरुण मुलगा किंवा सिगारेट ओढणारा माणूस. स्टेथोस्कोपने त्या बाजूचा श्वास ऐकू येत नाही, एक्स-रे किंवा सोनोग्राफीत दिसतं. हवेचा दाब वाढून बीपी कोसळत असेल तर डॉक्टर एक्स-रेसाठीही थांबत नाहीत, सुई टाकून हवा काढतात.

अन्ननलिका फाटणं दुर्मिळ आहे, पण जोरजोरात उलट्या झाल्यानंतर लगेच छातीत भयंकर दुखायला लागलं तर ते डोक्यात यायलाच हवं. आणि हृदयाभोवती पाणी किंवा रक्त साठून हृदय दाबलं जाणं, ते इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, काही मिनिटांत कळतं.

पायरी ५: जीवघेणं नाही, मग काय?

इथे आल्यावर वेग जरा कमी करता येतो.

हृदयाच्या आवरणाची सूज, पेरिकार्डायटिस, ही तरुणांमध्ये व्हायरल आजारानंतर येते. टोचणारं दुखणं, आडवं पडलं की वाढतं आणि पुढे वाकून बसलं की कमी होतं, हे इतकं ठळक असतं की हकीकतीतच अर्धं निदान होतं. स्टेथोस्कोपने घासल्यासारखा आवाज येतो, ईसीजीत एसटी जवळजवळ सगळ्याच लीड्समध्ये थोडा वर असतो. सूज कमी करणारी गोळी आणि सोबत कोल्चिसिन, साधारण तीन महिने, ते मध्येच सोडलं की परत उलटतं.

न्यूमोनिया आणि फुफ्फुसाच्या आवरणाची सूज: ताप, खोकला, श्वासाबरोबर टोचणं. एक्स-रे.

ॲसिडिटी, म्हणजे रिफ्लक्स (पोटातलं ॲसिड वर अन्ननलिकेत येणं), याबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच आहे. छातीच्या मधोमध जळजळ, जेवणानंतर, वाकल्यावर, आडवं पडल्यावर वाढणारी, तोंडात आंबट पाणी. पण अन्ननलिकेचा स्नायू आखडला तर अगदी अँजायनासारखं आवळतं, आणि ते नायट्रेटच्या गोळीनेही कमी होतं कारण ती गोळी तिथलाही स्नायू सैल करते. म्हणून "सॉर्बिट्रेटने बरं वाटलं म्हणजे हृदयाचंच" हे चूक, आणि "अँटॅसिडने बरं वाटलं म्हणजे गॅसच" हेही तितकंच चूक. ॲटॅकचं दुखणं स्वतःहून कमी-जास्त होतं, त्याच वेळी तुम्ही अँटॅसिड घेतलेलं असतं आणि श्रेय त्याला जातं. हृदयाचं नाही हे पक्कं झाल्यावरच काही आठवडे ॲसिड कमी करणारं औषध देऊन बघतात. गिळताना अडकणं, वजन उतरणं, रक्ताची उलटी, काळी शी, रक्त कमी असणं यातलं काही असेल तर लगेच एंडोस्कोपी. एंडोस्कोपी नॉर्मल आली तरी रिफ्लक्स असू शकतो, मग नाकातून बारीक नळी टाकून २४ तास ॲसिड मोजतात, आणि स्नायूचा दाब बघायला मॅनोमेट्री करतात.

पित्ताशयातले खडे उजव्या बाजूला बरगड्यांखाली दुखतात आणि उजव्या खांद्याच्या फऱ्यात जातात, सोनोग्राफीत दिसतात. स्वादुपिंडाची सूज वरच्या पोटातून पाठीत जाते, रक्तातलं लायपेज (स्वादुपिंडाचा पाचकरस) नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तीनपटीहून जास्त वाढलेलं असतं.

बरगड्या आणि छातीचं मधलं हाड जिथे कूर्चेने जोडलंय तिथली सूज, कॉस्टोकॉन्ड्रायटिस, ही फार कॉमन. एका बोटाने दाबलं की "हां, अगदी हेच". एक्स-रे, रक्त सगळं नॉर्मल, निदान हातानेच होतं. काही आठवडे राहू शकतं, आणि त्याने हृदयाला काही होत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, ज्याला हृदयाचा धोका आहे अशा माणसाची छाती दाबल्यावर दुखली म्हणून ईसीजी टाळायचा नसतो.

नागीण विसरली जाते. एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग, आणि पुरळ येतं दोन-चार दिवसांनी, तोपर्यंत सगळ्या टेस्ट नॉर्मल. पुरळ दिसल्यापासून ७२ तासांत अँटीव्हायरल सुरू केलं तर जास्त उपयोग होतो, म्हणून रोज शर्ट काढून कातडी बघा.

पॅनिक ॲटॅकमध्ये छातीत खरंच दुखतं, नाटक नसतं. धडधड, हातापायाला मुंग्या, मरणार असं वाटणं, आणि बहुतेक वेळा १० मिनिटांच्या आत कळसाला पोचतं. पण भीती हार्ट ॲटॅकमध्येही वाटते, त्यामुळे पॅनिक हे निदान बाकीचं काढून टाकल्यावरच करायचं. एकदा पक्कं झालं की मात्र त्यावर चांगला उपचार आहे, समुपदेशनाचाही आणि औषधांचाही, आणि "मनाचे खेळ आहेत" म्हणून त्या माणसाला वाऱ्यावर सोडणं अत्यंत चुकीचं आहे.

लहान मुलांच्या छातीदुखीत हृदय क्वचितच असतं. बसल्या बसल्या डाव्या बाजूला सुईसारखं टोचून काही सेकंद ते दोन-तीन मिनिटांत जाणारं दुखणं मुलांमध्ये कॉमन आणि निरुपद्रवी आहे. पण पळताना दुखणं, पळताना शुद्ध जाणं, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असणं, यातलं एकही असेल तर हृदयाची तपासणी करून घ्याच.

पायरी ६: पुढच्या टेस्ट, आणि त्यांची मर्यादा

टू-डी इको हृदयाची हालचाल, झडपा आणि आवरण दाखवतो. ब्लॉकेज थेट दाखवत नाही, त्यामुळे "इको नॉर्मल म्हणजे ब्लॉकेज नाही" असं म्हणता येत नाही.

टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून ईसीजी, ही फक्त दुखणं थांबलेलं असताना आणि ॲटॅक नाही हे ठरल्यावर. रक्तप्रवाह अडेल इतकी अरुंद वाहिनी असेल तरच ती पॉझिटिव्ह येते, साधारण ७० टक्क्यांच्या आसपास. आणि ॲटॅक बऱ्याचदा त्यापेक्षा लहान चरबीचा थर अचानक फुटून त्यावर गुठळी बसल्याने येतो. म्हणून गेल्या महिन्यात टीएमटी नॉर्मल होती हे आज दुखत असताना घरी बसायचं कारण होऊ शकत नाही. कमी धोका असलेल्यांमध्ये, खासकरून बायकांमध्ये, ती खोटी पॉझिटिव्हही येते.

सीटी कोरोनरी अँजिओग्राफी ही "ब्लॉकेज नाही" हे सांगायला फार चांगली. नाडी हळू करायला गोळी देतात, शिरेतून डाय जातो, त्यामुळे किडनीचा रिपोर्ट आणि आधीची डायची ॲलर्जी सांगायलाच लागते. वाहिन्यांत कॅल्शियम खूप असेल तर चित्र नीट येत नाही. मनगटातून किंवा मांडीतून नळी घालून केलेली अँजिओग्राफी ही शेवटची आणि सगळ्यात नेमकी, पण छातीत दुखलं की प्रत्येकाला ती लागते असं अजिबात नाही. सुचवली तर विचारा: माझ्या कुठल्या गोष्टीवरून ती हवी वाटतेय, आधी दुसरी टेस्ट चालेल का, आणि आज नाही केली तर काय धोका? इमर्जन्सी नसेल तर चांगला डॉक्टर शांतपणे उत्तर देतो.

पायरी ७: घरी सोडलं तर

निघण्याआधी चार गोष्टी लिहून घ्या. हृदयाचं नाही हे कशावरून ठरलं, म्हणजे किती ईसीजी आणि किती वेळाने दुसरं ट्रोपोनिन झालं. मग सगळ्यात शक्य कारण काय वाटतंय. "हृदयाचं नाही" हे उत्तर अर्धंच आहे, दुखणं तर तुम्हाला होतंच आहे ना. पुढची टेस्ट किंवा फॉलोअप कधी. आणि कुठलं लक्षण आलं की परत यायचं. ईसीजी, रक्ताचे रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड यांचे फोटो काढून घरातल्या अजून एका माणसाच्या फोनमध्ये पाठवून ठेवा.

परत दुखलं तर "परवाच तर दाखवलं, आता काय सारखं जायचं" असा विचार मनात येणारच. दुखण्याचा प्रकार बदलला असेल, जास्त वेळ टिकत असेल, कमी श्रमात येत असेल, सोबत घाम किंवा दम असेल तर परत जा, तिसऱ्यांदा असलं तरी जा, आणि आल्या आल्या जुना ईसीजी दाखवा.